चिंतामणी लडीची गाठ

६ जानेवारी, सोमवार

आज देवाप्पा कढईपाशी पडला. कढईत नाही, कढईपाशी. या दोन शब्दांमधल्या वीतभर जागेला मी संध्याकाळपासून हात जोडतोय.

आमचं रंगघर के. आर. पुरमला, रुळांमागच्या गल्लीत. रेशमाच्या लडी इथे रंगतात, विणकरांकडे जातात आणि साड्या होऊन शलाकाच्या दुकानात पोचतात. शलाका पुण्याची पोरगी, व्हाइटफील्डची कॉम्प्युटरची नोकरी सोडून आमच्या वाफेत आली. धंदा तिचा, पण रंगाबद्दल शेवटचा शब्द माझा. आजोबा रंगारी, वडील रंगारी. मी सातवी केली, पुढचं शिक्षण कढईने दिलं.

वडिलांचा नियम होता, रंग चढताना कढईला पाठ दाखवायची नाही. जेवायला नाही, पाण्यालासुद्धा नाही. मीही सगळ्यांना तेच शिकवलं. देवाप्पाने सकाळी साखरेवरची गोळी घेतली आणि काही न खाताच लाल कढईला लागला. दुपार झाली तरी उठला नाही. हात थरथरायला लागले, घामाने अंग भिजलं. आम्ही म्हटलं, वाफ आहे. मग तो खाली बसला तो कलंडलाच. शेजारच्या कढईवरच्या गंगव्वाने चहाची साखर मुठीने त्याच्या तोंडात घातली. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणतो कसा, "अक्का, वरनं चहा तरी ओत की."

शलाकाने सगळ्यांना अंगणात बोलावलं. "डायबेटीस कोणाकोणाला आहे?"

सगळे जमीन न्याहाळायला लागले. शेवटी देवाप्पाच म्हणाला, "मला स्वल्प आहे, मॅडम."

"स्वल्प म्हणजे? किती दिवसांपासून?"

"थोरलीच्या लग्नापासनं."

"आणि लग्न कधी झालं?"

"तिचा पोरगा शाळेत जातोय की ओ आता."

हसू फुटलं आणि त्या हसण्याच्या आडोशाने आणखी हात वर आले. माझाही आला. अर्थात माझी साखर म्हणजे पाळलेलं मांजर. वेळेवर गोळी दिली की कोपऱ्यात झोपून राहतं.

८ जानेवारी, बुधवार

शलाका म्हणाली, "काका, माझं कोणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतात. हे तुम्हीच हातात घ्या ना, प्लीज."

घेतलं. आजपासून प्रत्येक कढईवर जोडी. एकाने ढवळायचं, दुसऱ्याने जेवायचं. दाराशी एक फळी ठोकली. तिच्यावर फुटाणे, शेंगदाणे, आणि कोणाला घेरी आलीच तर साखरेचा डबा. साखर आहे म्हणून कोणाचं काम जाणार नाही, हे शलाकाने सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हा देवाप्पाने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

वडिलांच्या फोटोला म्हटलं, अण्णा, कढईला पाठ दाखवली, पण माणसाला नाही दाखवली. रागवू नका.

आणि पुढच्या पंधरवड्यात डोळ्यांची डॉक्टरीण येणार आहे, कॅमेरा घेऊन. मी विचारलं, "साखरेचा डोळ्यांशी काय संबंध?"

"डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बारीक नसा असतात, काका. साखरेने त्या झिरपायला लागतात. दुखत नाही, कळत नाही. म्हणून नीट दिसत असतानाच दरवर्षी तपासायचं."

मी अंगणात उभा राहून भाषणच ठोकलं. "तहान लागल्यावर विहीर खणू नका! दुखणं लपवणारा स्वतःच्याच घरात चोरी करतो!" गंगव्वा माझ्याकडे टक लावून बघत होती. निपाणीकडची आहे, तिला म्हणी आवडतात.

१२ जानेवारी, रविवार

आज सुट्टी. जयनगरच्या बाजारात संक्रांतीची गर्दी. माझी बायको संध्या तीळ घेत होती, मी पिशवी धरून उभा.

सकाळपासून डोळ्यांपुढे एक काळा धागा तरंगतोय. आधी वाटलं, लडीतला तंतू पापणीला चिकटला. धुतलं तरी आहे. डावीकडे बघितलं की डावीकडे पोहत जातो, थांबलो की सावकाश खाली बसतो, तळ्यात बुडणाऱ्या केसासारखा. आभाळाकडे बघितलं की छान दिसतो. जन्मभर धाग्यांत राहिलो, आता एक धागा माझ्यात राहायला आला म्हणायचं.

दुपारी झोप लागली आणि स्वप्नात आमची निळी कढई तळ्याएवढी झाली होती. मी काठावर बसून हात बुडवत होतो. हात बाहेर काढला की धुरकट. पुन्हा बुडवला, पुन्हा धुरकट. पाणी म्हणत होतं, अजून चढायचाय, थांब.

संध्याला सांगितलं तर म्हणाली, "स्वप्नातसुद्धा ओव्हरटाइम! आणि डोळे चोळू नका सारखे."

२३ जानेवारी, गुरुवार

डॉक्टर भार्गवी आल्या. कोवळी पोर, पण हात थंड आणि आवाज त्याहून शांत. गोदामाला काळे पडदे लावले, कॅमेरा मांडला. मी दारावर. एकेकाला आत सोडायचं, थेंब घातलेल्यांना सावलीत बसवायचं, बिनसाखरेचा चहा पाजायचा. थेंबांनी बाहुल्या मोठ्या होतात, मग उजेड सोसत नाही. सगळे भिंतीला टेकून, डोळे मिटून रांगेत. उन्हात झोपलेल्या मांजरांसारखे. वाऱ्याने वरच्या दांडीवरच्या लडी हलत होत्या आणि त्यांच्या तोंडांवर रंगीत सावल्या फिरत होत्या. मला वाटलं, हे सगळे कुठल्यातरी एकाच स्वप्नात गेलेत आणि मी तेवढा राखणीला उरलोय.

देवाप्पा घाबरलेला. "अण्णा, आंधळा म्हणाली तर?"

"म्हणू दे. आधी कळलं तर उपाय असतो. न कळलेल्याला काय उपाय?"

गेला बिचारा, माझा हात धरून.

संध्याकाळी भार्गवी कॅमेरा आवरत होत्या. "कोणी राहिलं का?" मी म्हटलं, "सगळे झाले." गंगव्वा मागून म्हणाली, "अण्णा, तुमचं?" पण तेवढ्यात हिरवी कढई उतरवायची वेळ झाली होती. थेंब घालून बसलो असतो तर दारात उजेडाला धरून रंग कोणी बघितला असता? पुढच्या वेळी बघू.

रात्री संध्याने विचारलं, "झाली तपासणी?" म्हटलं, "झाली. उत्तम झाली." खोटं काय आहे त्यात?

३ फेब्रुवारी, सोमवार

निकाल आले. देवाप्पाच्या पडद्यावर ठिपके दिसायला लागलेत, पण अगदी सुरुवात. साखर, रक्तदाब सांभाळला आणि वेळच्या वेळी दाखवत राहिला तर डोळे राहतील. त्याने माझे पाय धरले. मी उठवलं आणि म्हटलं, "पाय कॅमेऱ्याचे धर."

मेट्रोवाल्यांना मात्र कोणीतरी सांगायला हवं. मॅजेस्टिक स्टेशनात गाडी बदलतो, तिथल्या पाट्यांवरचा जांभळा पार राखाडी झालाय. इतक्या लवकर रंग उडतो म्हणजे माल कच्चा. पायऱ्यांच्या कडाही रंगवत नाहीत नीट, सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या. आज एका बाईंनी "हुषार अण्णा, निधान", म्हणजे जपून, सावकाश, म्हणत कोपर धरलं.

शाईसुद्धा हल्ली पातळच येते. जाड टोकाचं पेन आणलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मन बिघडलंय. नीट लिहून काढतो.

आमची रीत अशी. कढईतून एक लड काढायची, वाळवायची आणि पूर्वेच्या दारात दिवसाच्या उजेडात नमुन्याशेजारी धरायची. दिव्याखाली रंग बघायचा नाही, दिवा खुशामत करतो. मी बघतो आणि म्हणतो, "बसला." मग सगळे म्हणतात, "बसला." मी त्या लडीला पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारतो आणि ती कढई विणकरांकडे जाते. गाठ आमच्या घरची आहे. दोन वेढे, आणि शेपूट उजवीकडून आत. वडिलांनी माझी बोटं धरून शिकवली.

काल अस्मानी लडीला गाठ मारली होती. आज गठ्ठा बांधताना सहज बोट फिरलं. शेपूट डावीकडून.

दुसरी कढई चाचपली, निळीच. तीही डावी. लाल, डाळिंबी, केशरी सगळ्या उजव्या, माझ्या. निळ्या तेवढ्या परक्या.

रंगघरात डावखुरी एकच. गंगव्वा.

म्हणजे माझ्या मागे माझ्या गाठी सोडून पुन्हा मारतेय. कशासाठी? माझी जागा हवी असेल. पोरीसारखी वागवली तिला. नवरा गेल्यावर रडत आली होती, मी तिच्या हातात ढवळायची काठी दिली. अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गाठींचं विचारलं नाही. गंगव्वाने नेहमीसारखी भाकरी पुढे केली. मी म्हटलं भूक नाही. फुटाणे खाल्ले.

६ मार्च, गुरुवार

मोठं काम आलंय. व्हाइटफील्डच्या एका घरात पाच बहिणी, पाचही जणींना पाडव्याला आईच्या साडीच्या रंगाची साडी हवी. आई आता नाही. साडीही विरली, तळहाताएवढा तुकडा उरलाय. रंग चिंतामणी.

चिंतामणी सांगून कळत नाही. निळ्याने हिरव्याला जवळ घेतलंय, पण अजून कुशीत शिरू दिलं नाही, अशा घडीचा रंग. माझ्या आईची एक साडी त्या रंगाची होती. तिच्या पदराखाली झोपलो की उन्हातसुद्धा पाण्याखाली असल्यासारखं वाटायचं. तुकडा हातात घेतला आणि डोळे मिटूनच ओळखला मी.

शलाकाला सांगितलं, ही कढई माझी एकट्याची. गंगव्वाला लाल कढईवर धाडलं. ती म्हणाली, "अण्णा, मी राहते की सोबत. जोडी लावायची म्हणून तुम्हीच सांगितलंय नव्हं?"

"मला घेरी येत नाही," मी म्हटलं. जरा जोरातच.

दिवसभर ढवळलं. वाफेतून तळं वर येत होतं, काळा धागा त्यात पोहत होता. आता एकटा नाही, दोन-तीन भावंडं आहेत त्याची. दारात लड धरली. हुबेहूब. आईच्या पदराखालचं पाणी. "बसला!"

मागून एकटा देवाप्पा हळूच म्हणाला, "बसला, अण्णा."

एकाऐवजी दोन गाठी मारल्या आणि गठ्ठा स्वतः गाडीवर चढवला.

१५ मार्च, शनिवार

मागावरून पहिली साडी आली. शलाकाने दारातच उलगडली आणि तो तुकडा वर ठेवला. मी वाट बघत होतो, पोरगी आता टाळ्या पिटेल. तिने तुकडा उचलून दुसऱ्या घडीवर ठेवला, मग तिसऱ्या.

"काय झालं?"

"काका... तुम्हाला सेम दिसतंय?"

मी वाकून बघितलं. तुकडा कुठे संपतो आणि साडी कुठे सुरू होते, मला सापडेना. "अगं, एकच आहे की!"

तिने देवाप्पाकडे बघितलं, देवाप्पाने पायाच्या अंगठ्याकडे. मग लाल कढईवरून गंगव्वा उठली. रंग चढत असताना उठली. लाल हात तसेच घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"अण्णा, साडी हिरवी झालीय. पोपटाच्या पंखासारखी. तुमचं निळ्यात चुकतंय. आज नव्हं, दिवाळीपासनं."

"दिवाळीपासून? आणि तू..."

"मी रोज तुम्ही गेल्यावर निळी कढई परत लावायची. स्वल्प निळा घालायचा, नमुन्याला मिळवायचं, गाठ मारायची. तुमच्यासारखीच मारायची, पण माझा हात डावा मेला."

"सांगितलं का नाही?"

"कुणी सांगायचं? दारात तुम्ही बसला म्हणालात की बसला. तुम्हीच लावलीय ती रीत. तुमची मान खाली गेलेली मला बघवली नसती."

मी संतापून काहीतरी बोलणार होतो. एरवी तोंड न उघडणारा देवाप्पा मध्ये पडला. "अण्णा, मी पडलो तवा तुम्ही भाषण केलं नव्हं? दुखणं लपवणारा स्वतःच्या घरात चोरी करतो म्हणून? मग तुमचं दुखणं आम्ही सगळ्यांनी मिळून लपवलं. आम्ही पण चोरच की ओ."

अंगणात उभा राहिलो. दांडीवर लडी हलत होत्या. मी एकेक बघायला लागलो, खरं बघायला. लाल होता. केशरी होता. त्यांच्या पलीकडे जिथे अस्मानी, जांभळा, मोरपंखी असायला हवेत, तिथे पहाटेचं धुकं होतं. किती दिवस मी त्या धुक्याला स्वतःच नावं देत होतो, कोण जाणे. मॅजेस्टिकच्या पाट्या आठवल्या. शाई आठवली.

"तपासणीत काय आलं होतं, काका?" शलाकाने विचारलं.

म्हटलं, "माझी झालीच नाही."

संध्या फोनवर नुसतं एवढंच म्हणाली, "दिव्याखाली अंधार. घरी या, दवाखान्यात मी येते सोबत." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१७ मार्च, सोमवार

भार्गवींच्या दवाखान्यात गेलो. थेंब, अंधार, थंड हात. पडद्यावर त्यांनी माझ्याच डोळ्याचा आतला फोटो दाखवला. केवढा सुंदर! केशरी चंद्र, त्यावर लाल नद्या. नद्यांच्या काठांना मात्र पाणी झिरपलेलं, मध्ये सूज, कडेला रक्ताचे ठिपके. माझे काळे धागे ते हेच. रेशीम नव्हतं, रक्त होतं.

"दोन्ही डोळ्यांत आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, काही महिने. पुढे लेझरही लागेल कदाचित."

"निळा परत येईल?"

त्यांनी घाईने हो म्हटलं नाही, म्हणून मला त्या आवडल्या. "सूज उतरली तर थोडा येऊ शकेल. किती, ते आज सांगता येणार नाही. पण आहे ती नजर वाचवायची आपल्याला. उशीर झालाय, फार नाही झालेला."

संध्याने माझा हात घट्ट धरला होता. बाहेर आल्यावर बाहुल्या मोठ्या झालेल्या, सगळा रस्ता पांढरा शुभ्र, रिक्षा, झाडं, माणसं उजेडात विरघळलेली. मी म्हटलं, "संध्ये, तुझी साडी कुठल्या रंगाची आहे?"

"जांभळी."

"मला राखाडी वाटली."

"मग विचारत जा," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारताच कुठे?"

२४ मार्च, सोमवार

परवा डाव्या डोळ्यात पहिलं इंजेक्शन झालं. सुईची भीती वाटत होती, पण डोळा बधिर करतात. नुसता दाब कळला, कोणी दारावर बोट टेकवावं तसा. मग डोळ्यात एक गोल थेंब हलत राहिला, काल विरला.

मी शलाकाला म्हटलं, आता माझी जागा गंगव्वाला दे, मी घरी बसतो. ती चिडली. "देवाप्पाला साखर आहे म्हणून काम जाणार नाही हे तुमच्या समोर ठरलं ना? मग तुमचं का जाईल? लाल-केशरी तुम्ही बघा, निळं गंगव्वा बघेल. इंजेक्शनच्या दिवशी भरपगारी सुट्टी. आणि काका, पुढच्या तपासणीला पहिला नंबर तुमचा." त्या बहिणींना तिने सगळं खरं सांगितलं. त्या अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबायला तयार झाल्या. थोरली म्हणाली म्हणे, आईलाही साखर होती, तिचेही डोळे गेले होते. शेवटी साडी हाताने चाचपून ओळखायची.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा, इथल्यांचा उगादी. रंगघरात आंब्याची डहाळी बांधली.

चिंतामणीची कढई पुन्हा लागली. या वेळी जोडी. गंगव्वा ढवळत होती, मी शेजारी बसून भाकरी खात होतो. तिच्याच हातची. खूप दिवसांनी खाल्ली. तिला म्हटलं, "मला वाटलं होतं, तुला माझी जागा हवीय."

ती ढवळता ढवळता हसली. "तुमच्या जागेवर दिवसभर उभं राहायला लागतंय अण्णा. माझे गुडघे कुठं आहेत तेवढे?"

लड वाळली. पूर्वेच्या दारात गेलो. सगळे मागे येऊन उभे राहिले, नेहमीसारखे. उजेड कोवळा होता, आणि त्यात ती लड म्हणजे माझ्या लेखी धुक्याचा एक झुपका. वडिलांच्या त्या दारात आजवर कोणी बोललं नाही ते मी बोललो.

"मला दिसत नाही. गंगव्वा, बसला का?"

गंगव्वाने लड घेतली, तुकड्याशेजारी धरली, आत-बाहेर केली. माझ्याकडे बघितलं. तिच्या ओठांवर 'बसला' येऊन थांबलेला मला स्पष्ट दिसला. एवढं मला अजून दिसतं.

"खरं सांग."

"नाही, अण्णा," ती म्हणाली. "नाही बसला. अजून स्वल्प."

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं. "मग परत बुडव."

तिने लड कढईत सोडली. पांढरा दोरा तसाच माझ्या बोटांत राहिला. मी काठावर बसून राहिलो, काळे धागे सावकाश खाली बसत होते.